हरणाबाईचा शेर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या देवळापेक्षाही मी जुना असेन. आता मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत बसलेलो असतो. शाळेची मुलं येतात. गुरुजी सांगतात, "हे बघा, पूर्वीच्या लोकांचं वजन. याच्यावर ते माल तोलत असत." मुलं वाकून बघतात आणि म्हणतात, "किती गुळगुळीत आहे!" त्यांना वाटतं, मला हे ऐकून बरं वाटत असेल. मला लाज वाटते. मला मान असती तर मी ती खाली घातली असती. माझ्या या स्वच्छ, गुळगुळीत अंगापायी एका चांगल्या बाईची अब्रू गेली. पेटीवर ते कुठं लिहिलेलं नाही. म्हणून मी सांगतो.

माझा जन्म नदीकाठच्या एका पेठेत झाला. त्या पेठेत कापूस यायचा, रंगीत मणी यायचे, शंखाच्या बांगड्या बनायच्या. बैलांचे तांडे माल घेऊन घाटाखाली समुद्राकडं जायचे. इतका माल तोलायचा म्हणजे सगळ्यांचं वजन सारखं पाहिजे. एकाचा दगड मोठा, दुसऱ्याचा लहान, असं चालत नसे. म्हणून व्यापाऱ्यांच्या मंडळानं एक मूळ वजन ठरवून जपून ठेवलं होतं आणि त्याच्याशी ताडून बाकीची वजनं घडवली जात.

मला घडवणारा माणूस म्हातारा होता. त्यानं काळ्या खडकाचा एक तुकडा घेतला आणि पाणी टाकून टाकून घासला. थोडं घासायचा आणि ताजव्यात, म्हणजे तराजूत, टाकून बघायचा. पुन्हा घासायचा. लहान वजनांसाठी तो गुंजा वापरायचा, त्या लाल-काळ्या बिया. दोन सारखी वजनं मिळून एक दुप्पट वजन, दोन दुपटी मिळून एक चौपट, असा त्यांचा हिशेब होता. मी चौपटीचा. माझ्या अंगावर त्यानं चार रेघा ओढल्या. शेवटी मी केसभर जड निघालो, तेव्हा त्यानं माझ्या तळाला एक लहानसा खळगा केला. मग पारडी सरळ झाली. तो म्हणाला, "झालं." त्या दिवसापासून मी बरोबर होतो.

मी पुष्कळ वर्षं काम केलं. माझ्यावर कुणी शंका घेतली नाही. दोन माणसं भांडू लागली की मला आणून मध्ये ठेवत आणि भांडण मिटे. मग ती पेठ ओस पडली. भिंती पडल्या, त्यांच्यावर माती पडली, मी खाली गेलो. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही; संग्रहालयात दोन हजार म्हणतात. मातीतला चुना हळूहळू माझ्या अंगावर बसला. तळाचा खळगा भरून गेला. एका बाजूला तर बोटभर जाड पांढरा थर चढला. मला तो नकोसा वाटायचा. मी घडलो तसं पुन्हा दिसावं असं मला वाटायचं.

मी पुन्हा वर आलो तेव्हा आमच्या भागावर निजामाचं राज्य होतं. लांब कुठंतरी मोठी लढाई चालू होती, त्यामुळं गावात रॉकेल मिळत नव्हतं. जवळच्या भूम गावच्या बाजाराला लोक पायी जायचे. आमच्या जुन्या पेठेचं आता नुसतं पांढऱ्या मातीचं टेकाड राहिलं होतं. गावचे लोक त्याला पांढर म्हणायचे. मराठवाड्यातली घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. पाऊस लागायच्या आधी माळवदावर पांढरीची माती टाकावी लागते, नाहीतर घर गळतं. म्हणून उन्हाळा संपत आला की बाया टोपल्या घेऊन पांढरीवर माती खणायला यायच्या.

अशीच हरणाबाई आली. ती धुळाप्पा नावाच्या धनगराची बायको. बारीक अंगाची, कपाळभर कुंकू, हातात लहान कुदळ. बरोबर तिची शेजारीण सखूबाई होती. कुदळ मला लागली आणि मी उजेडात आलो.

"काय घावलं गं?" सखूबाईनं विचारलं.

"दगूड हाय. पर बघ की आक्का, कसा गोल हाय. आन् ह्या रेघा कुनी वढल्या आसत्याल?"

"टाक तिकडं. पांढरीतलं घरी न्हेऊ न्हाय म्हनत्यात. मेलेल्या मानसांचं आसतंय."

"मेलेल्या मानसांचं तर समदंच हाय," हरणाबाई हसून म्हणाली. "आपुन माती न्हेतोय ती कुनाची? त्यांच्याच भिताडांची की. माजा लोकर मापायचा धोंडा फुटलाय. ह्यो कामाला यील."

तिनं मला टोपलीत मातीवर ठेवलं आणि घरी आणलं.

धुळाप्पाची मेंढरं होती. मेंढरांची लोकर कातरायची, ती भूमच्या बाजारात न्यायची, घोंगडी विणणाऱ्यांसाठी माल घेणारे व्यापारी ती घ्यायचे. कातरायचं काम धुळाप्पाचं, विकायचं काम हरणाबाईचं. धुळाप्पाला चारचौघांत बोलता येत नसे. तो भला माणूस होता, पण बोलायची वेळ आली की हातातल्या कामात तोंड घालायचा. हरणाबाई म्हणायची, "आमच्या घरात मेंढरं जास्ती बोलत्यात." ती असं म्हणाली की तो हसायचा, तेवढंच.

खेड्यात लोखंडी शेर ज्याच्या-त्याच्याकडं नसे. लोक एखादा दगड दुकानातल्या शेराशी ताडून घेत आणि तोच वापरत. हरणाबाई मला महांतप्पा वाण्याच्या दुकानात घेऊन गेली. महांतप्पानं एका पारड्यात आपला लोखंडी शेर टाकला, दुसऱ्यात मला ठेवलं. तेव्हा माझ्या अंगावरचा चुना तसाच होता. पारडी हलली आणि सरळ उभी राहिली.

"शिवा शिवा," महांतप्पा म्हणाला. "हरणाबाई, हा बरोबर शेर आहे बघ. घडवून घेतला असता तरी असा आला नसता."

"नीट बघा अण्णा. मागनं कुनी नावं ठिऊ नये."

तिच्या समाधानासाठी त्यानं पारडी बदलून पुन्हा बघितलं. पुन्हा सरळ. हरणाबाई मला पदरात घेऊन घरी आली. तिनं नवऱ्याला सांगितलं, "आता माजा शेर झाला." पुन्हा कुणाच्या तरी विश्वासाचा झालो म्हणून मला फार आनंद झाला.

मग दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी ज्याची जी हत्यारं असतील ती धुऊन पुसून पुजतात. हरणाबाईनं मेंढरं कातरायची कातर काढली, कोयता काढला, ताजवा काढला आणि मलाही काढलं. माझं पांढरं अंग बघून ती म्हणाली, "द्येवापुढं असा घानेरडा ठिवायचा व्हय?" तिनं रात्रभर मला चिंचेच्या पाण्यात टाकलं. सकाळी राख आणि विटेचा चुरा घेऊन घासलं. चुना सुटत गेला. तळाच्या खळग्यातला चुना तिनं काडीनं कोरून काढला. एका कडेला थोडासाच राहिला, तो निघेना. मग मला भंडारा लावला, फूल वाहिलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी इतका खूश होतो की काय सांगू. जसा घडलो तसा मी दिसत होतो. आपण हलके झालो आहोत, हे मला कळत होतं. पण मला ते चांगलंच वाटत होतं. माझं स्वतःचं वजन परत आलं होतं ना. ते हरणाबाईच्या काळाचं वजन नव्हतं, हा विचार माझ्या मनातसुद्धा आला नाही. तिच्या तर कसा येईल? दगड धुतला म्हणजे दगडच राहतो, असं कुणालाही वाटेल.

दिवाळीच्या सुमाराला मेंढरं कातरली. लोकर घेऊन दोघं नवराबायको भूमच्या बाजाराला गेली. लोकर विकणाऱ्या बाया एका ओळीत बसायच्या. हरणाबाईच्या शेजारी सखूबाई बसलेली होती. धुळाप्पा मागं बसून लोकरीत अडकलेली कुसळं वेचत होता.

बसवराज नावाचा व्यापारी आला. तो नेहमीचाच. आजपर्यंत तो हरणाबाईच्या मापावर माल घेत असे. त्या दिवशी त्याच्याकडं सरकारी शिक्क्याचे नवे लोखंडी शेर होते, म्हणून तो सगळ्यांचेच धोंडे त्यांच्याशी ताडून बघत होता.

"बाई, हा दगड कुठला?"

"माजा शेर हाय. आमच्या गावात महांतप्पाच्या दुकानात मापून घेतलाय."

त्यानं एका पारड्यात मला टाकलं, दुसऱ्यात शिक्क्याचा शेर. लोखंडाचं पारडं खाली गेलं. मी वर गेलो. सगळ्यांना दिसावं म्हणून बसवराजनं ताजवा उंच धरला.

"हे बघा मंडळी. शेरामागं ओंजळभर लोकर हिच्या घरीच राहते."

"न्हाई वो," हरणाबाई म्हणाली. "मापलाय म्या. दोन डाव मापलाय. दसऱ्याला पुजलाय बी."

"पुजल्यानं वजन भरतं व्हय?" तंबाखू विकणारा नागप्पा पलीकडून म्हणाला. "मग आमी बी पायली पुजतो आन् निम्मीच भरतो."

लोक हसले. तेवढ्यात महांतप्पा तिथून चालला होता. तो गूळ घ्यायला बाजारात आला होता. हरणाबाईनं त्याला हाक मारली, "अण्णा, तुमीच सांगा की." महांतप्पा थांबला. त्यानं बसवराजकडं बघितलं. दोघांचा माल एकमेकांकडं जायचा-यायचा. तो म्हणाला, "मापला होता खरा. पण त्याला आता किती दिवस झाले." आणि तो निघून गेला.

मग हरणाबाईनं मागं वळून नवऱ्याकडं बघितलं. बाजार काही म्हणो, तिला त्याच्याकडून दोन शब्द पाहिजे होते. 'माझी बायको खोटं माप ठेवणारी नाही', एवढंच. धुळाप्पानं मान वर केली नाही. तो कुसळं वेचत राहिला. त्याच्या मनात एक क्षण आलं होतं, की हिनं काही केलं तर नसेल? हे त्यानं पुढं एका साहेबांच्या तंबूत सांगितलं, म्हणून मला कळलं. तो एकच क्षण होता. पण हरणाबाई नेमकी तेव्हाच त्याच्याकडं बघत होती.

आणि मी वरच्या पारड्यात लोंबत होतो, सगळ्या बाजाराला दिसेल असा. दोन हजार वर्षांत मला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. तरी मला माझी लाज वाटली नाही. तिची मान खाली गेली त्याची वाटली.

घरी आल्यावर ती भांडली नाही. भाकरी झाल्यावर तिनं एकदाच विचारलं, "तुमाला बी तसंच वाटलं का वो?"

धुळाप्पा म्हणाला, "आता जाऊ दे की."

त्याला वाटलं, आपण तिची समजूत घातली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवसानंतर ती बाजारालाही गेली नाही. लोकर दारात येणाऱ्याला मिळेल त्या मापानं देऊन टाकायची. पाणवठ्यावर कुणी तिच्याकडं बघून कुजबुजलं, की ती घागर अर्धी भरूनच निघायची. दुपारी घरात कुणी नसलं की ती मला दोन्ही हातांत धरून बसायची. कधी एका हातात, कधी दुसऱ्या. मला म्हणायची, "आरं, तू तर बरूबर हुतास. काय झालं रं तुला?"

मला सगळं ठाऊक होतं. मी दगड. तिच्या हातात होतो आणि तिला सांगू शकत नव्हतो, की बाई, तू मला धुतलंस, तेवढंच झालं. तेव्हाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिला हिवताप आला. लढाईमुळं औषध मिळत नव्हतं. ती फार दिवस राहिली नाही. गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो.

धुळाप्पानं मला घरात ठेवलं नाही, फेकूनही दिलं नाही. मेंढवाड्याच्या भिंतीत एका फटीत नेऊन बसवलं. तिथून मला तो रोज दिसायचा. त्याच्या भाकरीचे काठ फाटायचे. हरणाबाई मेंढरांना एक विशिष्ट हाक मारायची. ती त्याला जमायची नाही, म्हणून मेंढरं संध्याकाळी वाड्याच्या दाराशी तशीच उभी राहायची आणि तोही उभा राहायचा. मग मेंढरं आपोआप आत शिरायची.

त्या हिवाळ्यात हैदराबादेहून एक साहेब आले. नाव नूरुद्दीन. त्यांनी पांढरीजवळ तंबू ठोकला आणि टेकाडात सरळ कडांचे चौकोनी खड्डे खणायला लावले. गावानं त्यांना मातीवाले साहेब असं नाव दिलं. लोकांना वाटलं, हे सोनं शोधतात. पण ते खापरं, मणी आणि दगडच गोळा करत. घरोघर जाऊन विचारत, पांढरीतलं काही आहे का? सखूबाईनं त्यांना सांगितलं, की धुळाप्पाच्या वाड्यात एक रेघांचा दगड आहे.

साहेब मेंढवाड्यात आले. त्यांनी मला भिंतीतून काढलं आणि रेघा बघून म्हणाले, "अरे वा. हे तर वजन आहे. धुळाप्पा, हे मी घेऊन जातो. तुम्ही पण तंबूत या."

धुळाप्पा घाबरला. खोट्या मापाची बातमी सरकारपर्यंत गेली आणि त्याचाच तपास करायला हे आले, असं त्याला वाटलं. तो साहेबांच्या मागोमाग चालत गेला. तंबूत गेल्यावर त्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "सायेब, माप तिचं हुतं. पर ती गेली. तिचं नाव कुटं लिऊ नका. काय शिक्षा आसंल ती मला करा."

आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या बाजूनं बोलला. ऐकायला ती नव्हती.

साहेबांना आधी काही कळलंच नाही. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं विचारून घेतलं. धुळाप्पानं अडखळत सगळं सांगितलं. बाजार, पारडं, त्याच्या मनात आलेला तो क्षण, सगळं. साहेबांनी मला तळहातावर फिरवून बघितलं. मग म्हणाले, "शिक्षा बिक्षा काही नाही. मी जुन्या लोकांची मापं शोधतो. माझं कामच ते आहे."

"जुनी मापं शोधून काय करायचं सायेब?"

"माप सापडलं की माणसं कळतात. कोण कुणाशी व्यापार करत होतं, कोण कुणावर भरवसा ठेवत होतं. मिसर, म्हणजे इजिप्त, म्हणून एक मुल्क आहे. तिथले लोक कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात धरून मोजायचे."

"आमी बी घोंगडं हातानंच मापतो की."

"बरोबर. आणि बाबिलोन म्हणून एक शहर होतं, तिथे झोपलेल्या बदकासारखी दगडी वजनं करायचे."

"बदक?" धुळाप्पा म्हणाला. "बदाक कशापायी? मेंढरू करायचं. बसलेलं मेंढरू कसं, कुटनंबी घरंगळत न्हाई."

साहेब हसले. पुष्कळ दिवसांनी धुळाप्पाच्या तोंडावरही थोडं हसू आलं आणि लगेच गेलं.

साहेबांजवळ काचेच्या कपाटात ठेवलेला एक नाजूक ताजवा होता. वारा लागू नये म्हणून काच. त्यांनी मला त्यात तोललं. मग त्यांनी धुळाप्पाला समजावून सांगितलं. एका दगडावरून काही ठरत नाही. एकटा दगड काहीही असू शकतो. पण एकाच टेकाडात सापडलेले दगड एकमेकांच्या दुप्पट, निमपट निघाले, की ते वजनाचे दगड आहेत हे कळतं आणि त्यांचं मूळ माप काय ते काढता येतं. त्यांना खड्ड्यात माझ्याहून लहान दोन रेघांचा एक दगड त्याच दिवशी सापडला होता. माझा धाकटा भाऊच म्हणा. त्याच्या अंगावर पांढरा चुना तसाच होता. साहेबांनी तो धुळाप्पासमोर तोलला. मग आंबट पाण्यात भिजत ठेवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी या."

सकाळी धुळाप्पा आला. साहेबांनी तो दगड बाहेर काढून मऊ कुंचल्यानं साफ केला, वाळवला आणि परत ताजव्यात टाकला. आदल्या दिवशीचीच वजनं समोरच्या पारड्यात होती. धुळाप्पा काचेला नाक लावून बघत होता. दगडाचं पारडं वर गेलं.

"हलका झाला," धुळाप्पा म्हणाला.

"चुना निघाला ना. आता याचं खरं वजन मिळालं. तुमच्या दगडाच्या बरोबर निम्मं." साहेबांनी मला उचललं आणि माझ्या कडेला राहिलेला चुन्याचा ठिपका नखानं दाखवला. "याच्यावर पण चुना होता. खूप होता. कुणी काढला? चिंच लावली होती का?"

धुळाप्पानं त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"तिनंच," तो म्हणाला. "खंडेनवमीला. पुजायचा म्हनून."

"आणि वाण्याकडे मापला तो त्याच्या आधी?"

"आदी. पावसाच्या आदी."

"मग तेव्हा तो शेरभर असेल. पूर्ण शेर."

"म्हंजी ती खोटं बोलत न्हवती."

"धुळाप्पा, ती खोटी नव्हती आणि हा दगड पण खोटा नाही. हा त्याच्या जुन्या मापाला आजही बरोबर आहे."

साहेबांनी हे माझ्या कौतुकासाठी म्हटलं. पण मला त्यात काही सुख वाटलं नाही. मी बरोबर होतो आणि तरी तिचं नाव गेलं, मग माझ्या बरोबर असण्याचा तिला काय उपयोग झाला?

धुळाप्पानं मला एका बाजाराच्या दिवसापुरतं मागून घेतलं. साहेबांनी दिलं. तो आधी महांतप्पाच्या दुकानात गेला. सगळं ऐकून महांतप्पा पारड्याच्या साखळ्या नीट करत बसला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी दोन शब्द जास्त बोलायला पाहिजे होते. चल, मी येतो."

दोघं भूमच्या बाजारात गेले. बसवराज लोकरीच्या रांगेपाशी उभा होता. धुळाप्पानं मला त्याच्यापुढं धरलं.

"सावकार, ह्यो हरणाबाईचा शेर. तुमी ह्याला खोटा म्हनला हुता."

बसवराजनं मला बघितलं, मग धुळाप्पाला बघितलं. "कोण हरणाबाई?"

धुळाप्पा महांतप्पाकडं बघू लागला.

"अरे बाबा, दर बाजाराला कुणाचं तरी माप उणं निघतं," बसवराज म्हणाला. तो काही उर्मटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. "मी कुणाकुणाला ध्यानात ठेवू?" त्यानं मला सहज पारड्यात टाकलं. लोखंड खाली गेलं, मी वर गेलो. "हे बघ, आजबी उणाच आहे की."

तेव्हा महांतप्पा पुढं झाला. त्यानं चुन्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "मी स्वतः मापला होता. माझ्या ताजव्यात, माझ्या हातानं. पारडी बदलून दोनदा. ती बाई खरी होती."

बसवराजनं ताजवा खाली ठेवला. "असं आहे होय. मग चुकलं माझं," असं म्हणून त्यानं धुळाप्पाला हात जोडले. तो वाईट माणूस नव्हता. नागप्पा तंबाखू तोलता तोलता म्हणाला, "आसं बी आसतं का? चुन्याचं बी वजन." आणि त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडं तोंड केलं. बाजार पुन्हा सुरू झाला. एक विडी ओढून होईल एवढाही वेळ लागला नाही.

हरणाबाईचं नाव परत आलं होतं. ते इतकं सोपं होतं, हे बघून धुळाप्पा तिथंच उभा राहिला.

सखूबाई रांगेत बसलेली होती. तिनं त्याला हाक मारली. "धुळा, बस हितं." तो बसला. हरणाबाई बसायची ती जागा मोकळीच होती.

"आक्का, आता तरी लोक तिला खोटी म्हननार न्हाईत," तो म्हणाला.

"मला त्याच दिशी ठावं हुतं ती खरी हाय म्हनून," सखूबाई म्हणाली. "मला कुटं दगूड मापायला लागला? तिला बी लोकांचं काय न्हवतं रं. लोक काय, आज बोलत्यात, उद्या इसरत्यात. ती मला म्हनली हुती, आक्का, ह्यांनी नुसतं व्हय म्हनलं आस्तं तरी बास हुतं."

धुळाप्पानं मला मांडीवर घेतलं. या वेळी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाजार उठेपर्यंत तो तिथं बसून राहिला. लोक त्याला लोकर कशी दिली म्हणून विचारायचे आणि त्याच्यापुढं लोकर नाही हे बघून पुढं जायचे.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी सवयीनं मला परत एकदा तोललं. तसूभरही फरक नव्हता.

मित्रांनो, माझं सांगायचं एवढंच आहे. तुम्हाला पांढरीत, शेतात, पडक्या भिंतीत जुनं काही सापडलं, तर ते घासू नका, चिंच लावू नका, रंगवू नका. मातीसकट जाणत्या माणसाला दाखवा. त्याच्या अंगावरची मातीसुद्धा काहीतरी सांगत असते. आणि दुसरी गोष्ट मी हात जोडून सांगितली असती, पण मला हात नाहीत. आपल्या घरच्या माणसाला भर बाजारात कुणी खोटं म्हटलं, तर पुराव्याची वाट बघत बसू नका. त्याच वेळी तोंड उघडा. आपली चूक निघाली तर नंतर कबूल करता येते. मी दोन हजार वर्षं मातीत थांबलो, आणि मला ते चाललं, कारण मी दगड आहे. माणूस तेवढा थांबत नाही. हरणाबाईला तर एक पावसाळासुद्धा थांबता आलं नाही.